दिव्यांगांच्या पार्किंगबद्दल खुलासा

‘गाडीला व्हीलचेअरचं स्टिकर लावा आणि गणपतीत मालवणात दिव्यांगांच्या राखीव जागेत बिनधास्त उभी करा’ असा मेसेज वाडीच्या ग्रुपवर फिरतोय. हे चुकीचं आहे. स्टिकर दुकानात कुणालाही मिळतं. दिव्यांगत्वाचा पुरावा म्हणजे यूडीआयडी कार्ड, म्हणजे दिव्यांगांना मिळणारं सरकारी ओळखपत्र. मी २०१६ चा दिव्यांग हक्क कायदा मुद्दाम काढून वाचला. दिव्यांगांची सवलत फसवून घेतली तर कलम ९१ खाली २ वर्षांपर्यंत कैद, १ लाखापर्यंत दंड किंवा दोन्ही. मात्र चालताना दिसला म्हणून कुणाला खोटा ठरवू नका. कायद्यातल्या २१ प्रकारांत हिमोफिलिया (रक्त नीट न गोठण्याचा आजार), पार्किन्सन (कंपवात) हेही आहेत.

माझा भाऊ कुबड्यांवर चालतो. ती जागा अडली, की भर पावसात शेवाळलेल्या चिऱ्यांवरून त्याला लांबून यावं लागतं. कृपया तो मेसेज पुढे पाठवू नका, आणि पाठवला असेल तिथे हा खुलासाही टाका.