बूस्टर लावून घाट उतरायचा?

परवा गोव्यातल्या आमच्या साखळी गावच्या कट्ट्यावर भाऊ मोबाइलवर एक फोटो दाखवत आला. टपावर लावायची अँटेना, सीटखाली ठेवायची पेटी, आत आणखी एक छोटी अँटेना. "सिग्नल बूस्टर. मोबाइलचा बारीक सिग्नल वाढवतो. मागवतोच आता."

भाऊ बेळगावची भाजी टेम्पोतून गोव्यात आणतो. चोर्ला घाट त्याच्या पायाखालचा. पण कणकुंबी सुटली की केरीला पोचेपर्यंत फोन कुठे लागेल याचा भरवसा नाही. गेल्या पावसात धुक्यात टायर फुटला, दोन तास तो तसाच उभा. इकडे वहिनी दारात. त्यामुळे त्याचं म्हणणं कुणी हसण्यावारी नेलं नाही.

"घे रे, कोण येतो तपासायला?" मोबाइल दुरुस्तीवाला म्हणाला.

मास्तरांनी तिथेच अडवलं. "परवाना असलेल्या टेलिकॉम कंपनीखेरीज कुणी बूस्टर वापरणं सोड, नुसता बाळगणंही बेकायदा आहे. दूरसंचार विभागाने 2022 मध्ये हे जाहीरपणे सांगितलंय."

"पण अमेरिकेत चालतो!"

"चालतो, पण कंपनीकडे नोंद करून. आणि गडबड झाली की आपोआप बंद होणारेच बूस्टर तिथे मंजूर होतात. या फोटोतल्या पेटीला ती सोय आहे का, कुणाला ठाऊक?"

भाऊ चिडला. "माझ्या एका पेटीने टॉवरचं काय बिघडणार, मास्तर?"

मला पटलं ते यावरचं मास्तरांचं उत्तर. जत्रेच्या नाटकात माइक स्पीकरसमोर आला की शीळ वाजते ना, तसंच टपावरची अँटेना आणि आतली अँटेना यांच्यात होतं. गाडीत दोघींमधलं अंतर ते केवढंसं! ती शीळ आपल्याला ऐकू येत नाही, पण टॉवरला येते. शीळ नसली तरी पेटी आवाजाबरोबर खरखरही वाढवून पाठवते, आणि लांबच्या फोनचा बारीक सिग्नल त्या खरखरीत बुडतो. आपल्या सत्तरी तालुक्यात एकेका टॉवरवर किती वाडे अवलंबून! त्यातल्या कुणी त्याच वेळी रुग्णवाहिकेला फोन लावत असेल तर?

आणि जिथे सिग्नलच नाही तिथे पेटी वाढवणार काय? शून्याला कितीने गुणलं तरी शून्यच.

भाऊ गप्प झाला. मग म्हणाला, "म्हणजे मी असाच अडकायचा?"

हा प्रश्न मला अजून टोचतो. घाटात टॉवर हवा, ही मागणी आपण सगळ्यांनी सह्या करून करायलाच हवी, आणि तो अर्ज मी लिहिणार आहे. तोवर काय? फोन सीटखालच्या लोखंडी खणात नको, काचेजवळ हवा. गाडीच्या पत्र्यातून सिग्नल येत नाही, काचेतून येतो. काचेवर धातूची फिल्म असेल तर तीही अडवते. दुसरं सिम वेगळ्या कंपनीचं घ्यायचं. आपलं नेटवर्क गेलं तरी दुसऱ्या कंपनीचं पोचत असेल तर 112 हा आणीबाणीचा नंबर लागू शकतो, हे भाऊला माहीतच नव्हतं. आणि वळणावर फोन कानाला लावायचा नाही, गाडी बाजूला घेऊनच बोलायचं.

शेवटी दुरुस्तीवाल्यानेच वही काढली. भाऊ डोळे मिटून घाट आठवत गेला, कुठल्या वळणावर दोन काड्या येतात ते सांगत गेला. ठरलं असं: कणकुंबी सोडताना वहिनीला एक फोन, केरीला उतरल्यावर दुसरा. दीड तासात दुसरा आला नाही तर वहिनी मला उठवणार आणि मी जीप काढणार.

उद्या पहाटे भाऊची फेरी आहे. फोन उशाशी घेऊन झोपतोय.