फूल, दोन पानं आणि माझा प्रोजेक्ट

बीएच्या शेवटच्या वर्षाला प्रोजेक्ट असतो आणि विषय आपला आपणच निवडायचा असतो. मी ‘गोव्याचा इतिहास’ लिहून नेला. मॅडमनी मान वर न करताच विचारलं, ‘‘सगळा?’’

पुढच्या खेपेला ‘पोर्तुगीज राजवट’. १५१० ते १९६१, फक्त साडेचारशे वर्षं! मॅडम म्हणाल्या, ‘‘पोर्तुगीज वाचता येतं?’’ राजवट तिथेच संपली.

मग घरच्यांनी मनावर घेतलं. डिचोलीचे मामा म्हणाले, खाणी घे. २०१२ साली बंद झाल्या तेव्हापासून ते त्याच विषयावर बोलताहेत. आत्याला देवळं हवी होती. शेजारच्या काकांनी कॅसिनो सुचवला, वर ‘फिल्डवर्कला मी येतो सोबत’ हेही.

शेवटी जनमत कौल हा विषय घेतला. १६ जानेवारी १९६७. गोवा महाराष्ट्रात विलीन करायचा तर फूल, वेगळा ठेवायचा तर दोन पानं. पानं ३४,०२१ मतांनी जिंकली. मॅडमनी या वेळी पेन खाली ठेवलं. ‘‘बरं. पण कुठल्या गावात? कुणाबद्दल? शेवटी प्रश्नचिन्ह येईल असं एक वाक्य आण. आणि लवकर आण. तेव्हा मताचं वय एकवीस होतं, म्हणजे सगळ्यात तरुण मतदारसुद्धा आज ऐंशीला टेकलाय.’’

आमच्याकडे तसे दोन मतदार आहेत. महाराष्ट्राला लागून असलेल्या पेडण्याचं घर, म्हणजे फूलच. विचारायचं काय त्यात? तरी जेवताना विचारलं. आजोबा म्हणाले, ‘‘फूल. दोघांचंही.’’

आजी हुमण वाढत होती. म्हणाली, ‘‘माझी दोन पानं.’’

आजोबांचा घास हातातच राहिला. ‘‘तू तर फूल म्हणाली होतीस!’’

‘‘मी कुठे म्हणाले? तुम्ही सांगितलंत, मी मान हलवली. बांगडा देऊ?’’

दुसऱ्या दिवशी मी वाक्य नेलं: पेडण्यातल्या बायकांनी नवऱ्यानं सांगितलेलंच मत दिलं का? मॅडम खूश. आजी तर त्याहून. लगेच फोन घेऊन बसली आणि मैत्रिणींना मुलाखतीसाठी गोळा करू लागली. त्यावर आजोबांनी अट घातली, जे काय विचारायचं ते माझ्यासमोर.

मी ही अट मॅडमच्या कानावर घातली. त्यांनी संशोधन पद्धतीच्या प्रकरणाचं पहिलं वाक्य तिथल्या तिथे लिहून दिलं: ‘मुलाखतीच्या वेळी पती घरात नसावा.’