‘मर’ सगळ्यांना कळते? : एका प्रतिक्रियेला उत्तर

नमस्कार,

डाळिंबाच्या प्रत्येक रोगाला मराठीत एकच पक्कं नाव हवं, झाड वाळून मरतं त्या प्रत्येक रोगाला सरसकट ‘मर’ म्हणू नये, या माझ्या लेखावर तुम्ही लिहिलंत : “पंख्याखाली बसून शेतकऱ्याला शब्द शिकवू नका. सांगोल्यात पोराटोरांनाही मर कळते. शास्त्रज्ञच नावं बदलतात, आम्ही कशाला पाठ करायची? आणि दुकानदार नाव बघून नाही, उधारी बघून औषध देतो.”

‘पंख्याखाली’ हे मला लागलं. मतभेद असू द्या, पण चौकशी न करताच समोरच्याला बांधावरून हुसकायचं, ही कुठली रीत? मंगळवेढ्याजवळ आमची भगव्या जातीच्या डाळिंबाची बाग आहे. वडिलांनी लावलेली. छाटणी, पानगळ, बहार धरणं सगळं त्यांच्या हाताखाली शिकलो. एकदा विचारायचं तरी होतंत.

शास्त्रीय नाव बदललं, हे मान्य. तेल्या, म्हणजे पानाफळांवर तेलकट-काळे डाग पाडणारा रोग, त्याचा जिवाणू आधी झँथोमोनास अ‍ॅक्झोनोपोडिस पॅथोव्हार प्युनिकी होता, आता झँथोमोनास सिट्री पॅथोव्हार प्युनिकी आहे. पण जुनं नाव कुठल्या नव्या नावात गेलं याची नोंद असते. आपल्याकडे गावागणिक नाव फिरतं, त्याची नोंद कुठं आहे?

आता “पोराटोरांनाही मर कळते”. नाही कळत! वाळलेलं झाड दिसतं, एवढंच. त्या एका शब्दात आपण काय काय कोंबलंय बघा. सेरॅटोसिस्टिस बुरशी, जिच्यानं खोड-मुळांचं लाकूड आतून डागाळतं. फ्युजेरियम ही दुसरी बुरशी. मुळांवर गाठी करणारी सूत्रकृमी, म्हणजे मातीतले डोळ्यांना न दिसणारे जंत. खोडाला टाचणीएवढी भोकं पाडणारा शॉट होल बोरर हा किडा. वरून सगळ्यांचं रूप जवळपास सारखंच : पानं पिवळी, मग फांद्या वाळायला लागतात.

आमच्या बागेत झाडं अशीच बसायला लागली. “मर आलीय” एवढंच दुकानात सांगितलं, बुरशीनाशक मिळालं, आळ्यात ओतलं. झाडं जातच राहिली. शेवटी एक उपटलं, तर मुळ्यांवर गाठीच गाठी. सूत्रकृमीला बुरशीनाशक काय करणार? पैसे गेले, बहार गेला. आणि तुम्ही मला शब्दांचं सांगताय!

‘तेल्या’ पुसा असं मी कुठंही म्हटलेलं नाही. लेख पुन्हा वाचा. तो शब्द ठेवाच, फक्त जिवाणूच्या रोगालाच वापरा, बुरशीच्या प्रत्येक काळ्या ठिपक्याला नको. ‘मर’ची मात्र फोड करा : बुरशीची मर वेगळी, सूत्रकृमीची वेगळी. सोलापूरजवळ केगावला २००५ साली स्थापन झालेलं राष्ट्रीय डाळिंब संशोधन केंद्र आहे, भाषा संचालनालयाचा कृषिशास्त्र परिभाषा कोश आहे. जिल्ह्यापुरती एक यादी करायला आणखी काय लागतं?

उधारीच्या वादात मी पडत नाही, तो विषयच वेगळा.

एवढंच सांगा : मृग बहारात तुम्ही मला फोन करून नुसतं “मर आलीय” म्हणालात, तर आळ्यात काय ओतायला सांगू?