गुरुवारच्या कपातीत जास्त पाणी कसं वापरावं

पुण्यात चैत्र सरत आला की दोन बातम्या ठरलेल्या. खडकवासला साखळीत किती टीएमसी उरलं आणि गुरुवारी पाणी बंद. खडकवासला, पानशेत, वरसगाव, टेमघर मिळून क्षमता २९.१५ टीएमसी आणि एक टीएमसी म्हणजे सुमारे २,८३२ कोटी लिटर. आकडा इतका अवाढव्य आहे की तुमच्या बागेतल्या नळीचा धरणाशी काही संबंध असणं शक्यच नाही. कुणी वाद घातलाच तर दौंड-इंदापूरकडे जाणाऱ्या कालव्याचा विषय काढावा. उसाचं नाव निघालं की शहरातला माणूस निर्दोष सुटतो.

खरी तयारी बुधवारी रात्री. घरातली झाडून सारी भांडी भरा: पिंप, बादल्या, कळशा, पातेली, कुकर, बाळाचा टब. माणशी दिवसाला १३५ लिटर हा शहरी पाणीपुरवठ्याचा सरकारी मापदंड आहे, म्हणजे चौघांना ५४० लिटर. तुम्ही सातशे तरी भरा, वेळ सांगून येत नाही. गुरुवारी गच्चीवरच्या टाकीतलंच पाणी पुरतं, त्यामुळे भरलेल्याला हात लागत नाही. शुक्रवारी नळ आला की हे सगळं ‘शिळं’ झालेलं असतं. ते मोरीत ओतायचं आणि ताजं भरायचं. वास्तविक झाकलेल्या पिंपातलं पाणी दोन दिवसांत बिघडत नाही. क्लोरीन उडून जातं, पण लादी पुसायला, संडासात टाकायला आणि झाडांना ते उत्तम असतं. पण हे शेजारणीला समजावत बसणार कोण? कपातीच्या दिवशी वाचलेलं दुसऱ्या दिवशी असं व्याजासकट गटारात गेलं की हिशेब पूर्ण.

ओतायचा कंटाळा असेल तर पिंप उघडंच ठेवा. डेंग्यूच्या डासाला असंच स्वच्छ, साचलेलं पाणी लागतं आणि उन्हाळ्यात अंड्यापासून डास व्हायला त्याला आठ-दहा दिवस पुरतात. अंडी पाण्याच्या कडेला, भांड्याच्या आतल्या भिंतीला चिकटलेली असतात, म्हणून आठवड्यातून एकदा पिंप रिकामं करून आतून घासायचं असतं. तुम्ही नुसतं विसळा.

पाणी कमी दाबानं येतंय? मग टिल्लू पंप आणा आणि थेट महापालिकेच्या नळाला जोडा. बेकायदा आहे, म्हणून पहाटे लावा. लाइनमध्ये दाब नसताना मोटर ओढू लागली की पाइपात निर्वात तयार होतो आणि जिथे सांधा गळका असेल तिथून बाहेरचं पाणी आत खेचलं जातं. शेजारून ड्रेनेजची लाइन जात असेल तर तेही. गल्लीच्या टोकाच्या घरांना काही मिळत नाही, मग तेही मोटर आणतात. त्यांच्याहून मोठी आणायची जबाबदारी पुन्हा तुमच्यावर येते.

आता बाग. इथे जरा सविस्तर सांगायला हवं, कारण पाणी वाया घालवण्याच्या सर्वाधिक सोयी इथेच आहेत.

पाणी घालायची वेळ दुपारी बारा ते तीन. सकाळी सातच्या आत किंवा सूर्य कलल्यावर घातलं तर ते मुळांपर्यंत पोचण्याची भीती असते. नळी बोट दाबून, फवारा उंच उडवत धरा. रोज थोडं थोडं शिंपडा, जेणेकरून वरची अर्धा इंच मातीच ओली होईल. मग मुळं खाली जाण्याचे कष्ट घेत नाहीत, पृष्ठभागाशीच राहतात आणि एक दिवस पाणी चुकलं की झाड माना टाकतं. दोन-तीन दिवसांआड पण भरपूर घालणारे लोक मुळांना उगाच खोल जायची सवय लावतात.

दुपारी पानं मलूल दिसली की लगेच बादलीभर ओता. कडक उन्हात माती ओली असतानाही पानं मलूल होतात आणि संध्याकाळी आपोआप सावरतात. म्हणून मातीत दोन इंच बोट खुपसून पाहण्याचा मोह टाळा. खाली ओल सापडली तर पाणी घालायला कारण उरणार नाही. मुळं कुजून झाड गेलंच तर ‘उन्हानं गेलं’ म्हणा, खात्री कोण करतंय.

वाळकी पानं झाडून पेटवून द्या. तीन इंच पालापाचोळा कुंडीत किंवा आळ्यात पसरला तर माती थंड राहते आणि पाणी कमी लागतं, मग नळी घेऊन अंगणात उभं राहायला निमित्त काय?

लॉन मात्र हवंच. एक चौरस मीटरवर एक मिलिमीटर पाणी म्हणजे एक लिटर. भर उन्हाळ्यात हिरवं ठेवायचं तर रोज पाच-सहा मिलिमीटर लागतं. शंभर चौरस मीटरच्या लॉनला पाच-सहाशे लिटर, म्हणजे वरच्या मापदंडानं चार माणसांचं. आपली हरळी उन्हाळ्यात पिवळी पडून झोपते आणि पहिल्या सरींनंतर पुन्हा हिरवी होते, पण गेटसमोर पिवळं गवत दिसलं तर सोसायटीत फ्लॅटचे भाव पडतील. स्प्रिंकलर असा बसवा की एक तृतीयांश फवारा पेव्हर ब्लॉकवर पडेल. एसटीपीचं, म्हणजे सोसायटीच्या सांडपाणी शुद्धीकरण प्रकल्पाचं, प्रक्रिया केलेलं पाणी बागेला द्यायचं म्हणून तो बांधलाय खरा, पण वीजबिल वाचवायला तो बंद ठेवून पिण्याच्या पाण्यावर बाग जगवणं हे सोसायटीच्या काटकसरीचं लक्षण. बंगळुरूत मार्च २०२४ मध्ये पिण्याचं पाणी बागेला आणि गाडी धुवायला वापरलं तर ५,००० रुपये दंड ठेवला होता. आपल्याकडे बादलीनं गाडी पुसणाऱ्यालाच लोक हसतात.

नळीचा वेग एकदाही मोजू नका. १५ लिटरची बादली ४५ सेकंदांत भरली तर मिनिटाला २० लिटर. हे कळल्यावर वीस मिनिटं गाडी धुताना मनाला उगाच त्रास होतो.

फ्लशच्या टाकीत खाण्याचा रंग टाकून पंधरा-वीस मिनिटं थांबायचीही गरज नाही. फ्लश न करता रंग भांड्यात उतरला तर आतलं रबर गळतंय हे कळतं आणि किरकोळ रबरासाठी प्लंबर शोधावा लागतो. आरओचं वाया जाणारं पाणी, एका लिटरमागे दोन-तीन लिटर, मोरीतच सोडा. धरणाचं पाणी मुळातच मऊ आहे, त्याला आरओ कशाला, हा प्रश्न विक्रेत्याला विचारू नका.

एवढं करूनही पाणी कमी पडलं तर टँकर. दहा हजार लिटरचा, कुठून भरला ते न विचारता. बोअर असेल तर आणखी खोल मारा. आपल्याकडच्या बेसाल्टच्या काळ्या खडकात पाणी साठतं ते मुख्यतः भेगांत आणि वरच्या झिजलेल्या थरात, त्यामुळे बऱ्याचदा खोल गेल्यावर धूळच मिळते. पण शेजाऱ्याचं आटल्याचं समाधान असतं.

जूनमध्ये पाऊस येईल. ५०० चौरस मीटर गच्चीवर पुण्याच्या ७०० मिलिमीटरांचे साडेतीन लाख लिटर पडतात. पर्जन्यजल संधारणाचा पाइप मिळकत करातल्या सवलतीपुरता बसवलेलाच असतो. त्याच्या फिल्टरमधली वाळू बदलू नका. पाणी सरळ ड्रेनेजच्या चेंबरमध्ये जाऊ द्या, आणि चेंबर तुंबून पार्किंगमध्ये घोटाभर पाणी आलं की महापालिकेकडे लेखी तक्रार करा.