लॅपटॉप टीव्हीला जोडला म्हणून जळत नाही, भाऊ

सोसायटीच्या ग्रुपवर आठवड्याभरात एकच फॉरवर्ड तीनदा आला. 'लॅपटॉप टीव्हीला जोडू नका, ग्राफिक चिप जळते. जोडायचाच तर सोन्याचा मुलामा असलेली भारी केबल घ्या. टाइप-सी असेल तर टीव्ही हमखास चालतो. टीव्हीवर अक्षरं फाटतातच, मॉनिटरच घ्या.' चौघांनी हात जोडले, एकाने लगेच मॉनिटरचा भाव विचारला.

चिपचं आधी. लॅपटॉपला एचडीएमआय पोर्ट दिलेला असतो तो दुसरा पडदा चालवायलाच. चिप जरा जास्त तापते, एवढंच. नागपुरात मे महिन्यात, 45 अंशांत, लॅपटॉप गादीवर ठेवून त्याची खालची हवा कोंडली तर दोष गादीचा. खरा धोका फॉरवर्डात नाहीच: गच्चीवरच्या डिशची वायर टीव्हीला लागलेली असेल आणि वीज कडाडत असेल, तर झटका टीव्हीतून लॅपटॉपपर्यंत पोचू शकतो. तेवढा वेळ केबल काढून ठेवा.

सोन्याच्या मुलाम्याने टोक गंजत नाही, रंग काही खुलत नाहीत. सिग्नल डिजिटल आहे; केबल कमी पडली तर ठिपके चमकतात किंवा पडदा मधूनच काळा होतो. फुल एचडीला साधी धड केबल पुरते. फोर-के, म्हणजे फुल एचडीच्या चौपट ठिपके, 60 हर्ट्झवर (सेकंदाला 60 चित्रं) हवं असेल तर पाकिटावर 'प्रीमियम हाय स्पीड' बघा. आमच्या नागपूरच्या बर्डी बाजारात दुकानदार कोणती पुढे सरकवतो ते सांगायला नको.

टाइप-सीचं तर अर्धवटच सांगितलंय. आकार सारखा असला तरी काही पोर्ट फक्त चार्जिंग आणि डेटापुरते असतात. माझ्या भाच्याने टाइप-सीचं एचडीएमआय करणारा कन्व्हर्टर आणला, पडदा काळा तो काळाच. पोर्टशेजारी डिस्प्लेपोर्टची किंवा थंडरबोल्टची खूण आहे का, की मॅन्युअलमध्ये काय लिहिलंय, हे आधी बघायचं.

आता अक्षरं. नागपूरच्या महाल भागात माझी मामेबहीण घरून हिशेब लिहिते, 32 इंची टीव्हीवर. तिला 'ठ' आणि 'ढ' ओळखू येईना, आकड्यांना लाल-निळी किनार, एक्सेलची वरची ओळ तर गायबच. वर्षभर ती चष्म्याच्या नंबरला दोष देत होती. मी रिमोट घेतला. पिक्चर साइजमध्ये 'स्क्रीन फिट' केलं. टीव्ही चित्र फुगवून कडा कापत होता. मग त्या एचडीएमआय इनपुटचं नाव बदलून 'पीसी' केलं, तशी रंगांची किनार गेली. शेवटी रिझोल्यूशन, म्हणजे पडद्यावर आडवे-उभे किती ठिपके ते. 32 इंचाचे बरेच टीव्ही 1366×768 चेच असतात. लॅपटॉप 1920×1080 पाठवत होता आणि टीव्ही ते आक्रसून दाखवत होता. विंडोजमध्ये टीव्हीच्या पडद्याचाच आकडा निवडला.

दिवसाचे आठ तास वाचायचंच असेल तर मॉनिटर बरा, हे मीही म्हणेन. पण तो घेण्याआधी रिमोटवर पाच मिनिटं घालवा.

बहिणीने शीट वर सरकवलं, जवळ जाऊन बघितलं. ''दादा, ही एप्रिलची ओळ इथेच होती?''