सडा म्हणजे नुसता कातळ नव्हे

पावसाळा लागला की पुण्यातल्या ट्रेकिंगच्या ग्रुपांवर एक मजकूर फिरतो. यंदाही आला. सारांश असा: ‘भीमाशंकर अभयारण्यात आपल्यालाच अडवतात. सडा, म्हणजे डोंगरावरचं ते सपाट पठार, हा नुसता कातळ, चालल्याने काय बिघडणार? गावकरी गुरं चारतात ते चालतं. प्रवेशाची पावती म्हणजे निव्वळ वसुली. आणि रात्रीच्या ट्रेकचा तर कोणालाच त्रास नाही.’ मी या वाटांवर वर्षानुवर्षं चालतोय, म्हणूनच गप्प बसवत नाही.

कातळाचा मुद्दा सगळ्यात चुकीचा. सड्यावर माती असते ती बोटभर, कुठे तेवढीही नाही. तिच्यात नत्र इतकं कमी की सीतेची आसवं, दवबिंदू यांसारख्या वनस्पती किडे पकडून ते मिळवतात. पावसाच्या तीन-चार महिन्यांतच त्यांना उगवायचं, फुलायचं, बी धरायचं असतं आणि नेमकी तेव्हाच आपली झुंबड. ओल्या मातीवर बूट घसरला की तो थर कातळापासून सुटतो, पुढच्या सरीत वाहून जातो. वाट चिखलाची झाली की जो तो कडेच्या गवतातून जातो आणि पायवाटेची गाडीवाट होते. फोटोसाठी दगडांवर दगड रचणंही थांबायला हवं. सुटा दगड हे विंचवाचं, पालीचं छप्पर असतं.

गावकऱ्यांशी बरोबरी तर मला अजिबात पटत नाही. अभयारण्य 1985 सालचं, आहुप्यासारखी गावं त्याच्या कितीतरी आधीची. देवराया त्यांनीच राखल्या. 1972 च्या वन्यजीव संरक्षण कायद्याचं कलम 27 अभयारण्याच्या आत स्थावर मालमत्तेचा हक्क असणाऱ्यांना प्रवेश देतं. गुरांच्या चरण्याने काहीच होत नाही असं मी म्हणत नाही, पण त्यांचं घर तिथे आहे. आपण शनिवारी जातो, रविवारी परततो.

पावतीचं म्हणाल तर कलम 28 मध्ये पर्यटनासाठी परवाना आणि त्याचं शुल्क, दोन्हींची तरतूद आहे. ते पैसे कुठे खर्च झाले याचा फलक नाक्यावर लावावा, ही मागणी मात्र रास्त आहे. ती जरूर करू या.

राहिली रात्र. काजव्यांचे नर-मादी एकमेकांना शोधतात ते उजेडाच्या खुणांनी, आणि हेडलॅम्पच्या झोतात त्या खुणा बुडून जातात. रात्र बघायची असेल तर गावात मुक्काम करावा. आहुप्याच्या बाजूला भर पावसात कुजक्या फांद्यांवरची बुरशी चमकते. एकदा आम्ही तिथे मुक्कामाला होतो, तेव्हा बरोबरच्या एका मुलाने घरामागची तशी फांदी घरी न्यायला पिशवीत घातली. मी ती परत ठेवायला लावली. बॅटरीच्या उजेडात जागा सापडेना, म्हणून बॅटरी बंद करून उभे राहिलो. डोळे सरावले तसा त्या ओल्या पाचोळ्यात एकेक फिकट हिरवा ठिपका दिसू लागला, अगदी आमच्या बुटांपर्यंत.