शेपटं नव्हेत ती : म्हापशाच्या वाचकांना उत्तर

इंग्रजीत 'वाइप' म्हणजे पुसणं; त्याच्यापुढे अप, डाउन असे छोटे शब्द आले की अर्थ कसा बदलतो, यावर मी 'वाइप अप आणि वाइप डाउन' हे टिपण लिहिलं होतं. त्यावर म्हापशाच्या एका वाचकांनी चार वाक्यं लिहिलीत. तिसरं असं: 'अप, डाउन, आउट ही नुसती शेपटं, तुमच्यासारखे मास्तर त्यांवर पोट भरतात.' मतभेद असू दे, पण पोटापर्यंत कशाला जायचं? 22 वर्षं फोंड्यात इंग्रजी शिकवतोय, शेपूट कुठलं नि कणा कुठला एवढं मला कळतं.

ओट्यावर सोलकढी सांडली. 'वाइप अप'ला कर्म लागतं ते सांडलेल्या सोलकढीचं. ती फडक्यात शोषली गेली की काम संपलं. 'वाइप डाउन'ला सोलकढी जोडलीत की वाक्य मोडलं. तिथे ओटाच हवा, तोही या टोकापासून त्या टोकापर्यंत. काहीच सांडलेलं नसलं तरी रोज रात्री ओटा 'वाइप डाउन' करता येतो. 'वाइप अप' करायला आधी काहीतरी सांडावं लागतं. 'वाइप ऑफ' दोन्हीकडे चालतं: टेबलही, टेबलावरचं पीठही. सर्वनाम आलं की ते मधे बसतं, 'वाइप इट अप'. 'वाइप अप द मिल्क' बरोबर असतं म्हणून मुलं तोच साचा ओढून 'वाइप अप इट' लिहितात, आणि तिथे गुण जातात.

बाब, तुम्ही मराठीत लिहिता ना? मग 'ओटा पुसून घे' यातलं 'घे' शेपूट आहे का? त्याऐवजी घरात 'ओटा पुसून काढ' म्हणून बघा. 'एवढा मळलाय का?' असं लगेच ऐकायला मिळेल. क्रियापद तेच, फडकं तेच, बदललं ते शेवटचं अक्षर-दोन अक्षरं. स्वतःच्या भाषेत हे कानाला कळतं, इंग्रजीत आलं की मास्तराचं पोट दिसतं!

'क्लीन'चंही तसंच. 'क्लीन आउट द फ्रिज' म्हणजे सगळं बाहेर काढणं, चार दिवसांचं माशाचं हुमण फेकणं, कप्पे धुणं. नुसतं दाराला फडकं मारलंत तर त्याला 'आउट' लागत नाही. 'क्लीन अप'ला मात्र पसाराही चालतो नि खोलीही. अपचा नियम सगळीकडे सारखा नाही, हे टिपणातही होतं. वाचलं असतंत तर दिसलं असतं.

'वॉश अप'बद्दलचं तुमचं पहिलं वाक्य मान्य. इंग्लंडात ते भांडी घासणं, अमेरिकेत हात-तोंड धुणं. मी एकच अर्थ दिला होता, आता दोन्ही घातलेत. 'उदाहरणं पुस्तकी' या दुसऱ्यावर काय बोलणार?

राहिलं चौथं वाक्य, टिपणातल्या 'हँग आउट द वॉशिंग'ला हसणं. कर्म नसेल तेव्हा 'हँग आउट' म्हणजे टवाळक्या. पुढे धुणं आलं की कपडे बाहेर वाळत घालणं. जून ते सप्टेंबर आपल्याकडे ते तसंही जमत नाही; घरातल्या दोरीवर टाकता, त्याला 'हँग अप' म्हणा.